उलटे आकाश, सरळ रेघ

विमान उलटे होते ते दोनच ठिकाणी, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते: एक इंग्रजी सिनेमात, आणि दुसरे अपघाताच्या बातमीत. मुंबईकराचे विमानाशी नाते तसे साधेच. लेकाला परदेशी पोचवणारी आणि सुटीत नातवंडांना घेऊन येणारी ती एक गाडी. पोटाखाली ढग आणि डोक्यावर आकाश ठेवून तिने मुकाट्याने सरळ जावे, एवढीच आपली अपेक्षा असते.

पण जगात असेही एक खेळाचे मैदान आहे की जिथे वैमानिक हौसेने विमान उलटे करतो, उभे चढवतो, भोवऱ्यासारखे फिरवीत खाली आणतो. आणि जमिनीवर खुर्च्या टाकून बसलेले पंच त्या प्रत्येक करामतीला दहापैकी गुण देतात. या खेळाला हवाई कसरतींची स्पर्धा म्हणतात. नवख्या माणसाला तो धाडसाचा खेळ वाटतो. जवळून पाहिल्यावर मात्र ध्यानात येते की, तो सुवाच्य अक्षराचा खेळ आहे. रेघ सरळ आली का, वर्तुळ गोल झाले का, कोन बरोबर पंचेचाळीस अंशांचा पडला का, हे पंच पाहतात. धाडसाला तिथे वेगळे गुण नाहीत.

मी वैमानिक नव्हे. शाळेत पस्तीस वर्षे भूमिती शिकवून निवृत्त झालेला शीवचा एक रहिवासी आहे. माझा या खेळाशी संबंध आला तो माझ्या भाचीमुळे. ती अमेरिकेत टेक्सास राज्यात वैमानिकाचे शिक्षण घेते. एके रात्री तिने आईला फोनवर सांगितले की, नेहमीच्या अभ्यासाबरोबर तिने हवाई कसरतींचे धडे सुरू केले आहेत आणि उन्हाळ्यात नवशिक्यांच्या स्पर्धेत ती नाव देणार आहे. झाले! ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आली. “अरे, पोरीला विमान चालवायला पाठवली आम्ही, सर्कशीत नव्हे. कर्ज काढून पाठवली. तू शिकवणारा माणूस, तूच समजाव तिला.”

मी भाचीला फोन केला. ती हसली नाही की रागावलीही नाही. म्हणाली, “मामा, विमान आपण होऊन कधी उलटं झालं तर काय करायचं, हे मला शिकायचंय. ते पुस्तकात वाचून हाताला येत नाही.”

या एका वाक्याने मी विचारात पडलो आणि पुस्तके उघडून बसलो. जे सापडले ते वाचकांसमोर ठेवतो.

घाबरलेला हात

विमानविद्येच्या आरंभी वैमानिकांना सर्वांत मोठे भय होते ते गिरकीचे. इंग्रजीत तिला स्पिन म्हणतात. विमान हवेत तरते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. वेग कमी झाला आणि वैमानिकाने नाक वरच उचलून धरले, तर पंखांना चिकटून वाहणारी हवा सुटते. त्याच वेळी विमान जरा वाकडे असले, तर एका पंखावरची हवा दुसऱ्याहून अधिक सुटते, तो पंख खाली जातो आणि विमान स्वतःभोवती फिरत फिरत जमिनीकडे येऊ लागते. अशा वेळी माणसाचा हात आपोआप काय करतो? नाक खाली गेले म्हणून तो दांडा जिवाच्या आकांताने आपल्याकडे ओढतो. नेमके तेच करायचे नसते. ओढल्याने हवा आणखी सुटते आणि गिरकी चालूच राहते.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडात लार्कहिल येथे विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलाचा अधिकारी अशा गिरकीत सापडला. ओढून झाले, इंजिनाचा जोर लावून झाला. विमान फिरतच राहिले. अखेरीस जमीन अगदी जवळ आली असता त्याने पायाने सुकाणू गिरकीच्या उलट बाजूला दाबले. विमान स्थिर झाले आणि तो सुखरूप उतरला. प्रेक्षकांत जाणकार मंडळी होती. त्यांनी त्याला लगेच प्रश्न विचारून सगळे टिपून घेतले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरो येथे फ्रेडरिक लिंडेमन या शास्त्रज्ञाने मुद्दाम गिरक्या घेऊन त्यांचा अभ्यास केला. आज प्रत्येक शाळेत शिकवतात तो क्रम असा: इंजिन मंद करा, दांडा मध्ये आणा, उलट बाजूचे पेडल दाबा, दांडा पुढे ढकला, आणि फिरणे थांबले की हळूच वर काढा. वाचायला पाच सेकंद लागतात. पण डोळ्यांसमोर जमीन गरगरत असताना दांडा पुढे, म्हणजे जमिनीकडेच, ढकलायचा असतो. हे घाबरलेल्या हाताला जमत नाही. सवयीच्या हाताला जमते.

उलटे उडण्याची गोष्टही अशीच. १९१३ सालच्या ऑगस्टमध्ये आदोल्फ पेगू या फ्रेंच वैमानिकाने विमानातून हवाई छत्रीने उडी घेतली. मोकळे सुटलेले विमान कोसळण्यापूर्वी हवेत नाना परींच्या कोलांट्या खात होते, हे त्याने छत्रीला लोंबकळत पाहिले. वैमानिकावाचून विमानाला जे जमते ते वैमानिकासह का जमू नये, असे त्याच्या मनाने घेतले आणि सप्टेंबरच्या पहिल्याच तारखेला तो उलटा उडाला. त्याच महिन्यात, ९ तारखेस, कीव्हजवळ रशियन सैन्यातील प्योत्र नेस्तेरॉव्ह याने आकाशात उभे वर्तुळ काढले. अशा वर्तुळाला लूप म्हणतात, आणि इतिहासातले पहिले लूप त्याच्या नावावर आहे. बक्षीस म्हणून त्याला मिळाली दहा दिवसांची कैद. सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याबद्दल! पुढे पेगूचा बोलबाला झाल्यावर वरिष्ठांना आपल्या माणसाचे मोल कळले आणि त्याचा गौरव झाला. साहेबलोक सगळीकडे सारखेच.

आकाशातली शीव

आमच्या शीव गावाच्या नावाचा अर्थच मुळी सीमा. इथे मुंबई बेट संपे आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी सुरू होई. त्या हद्दीवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी सतराव्या शतकात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. तेव्हा सीमा म्हणजे काय, हे शीवकराला समजावून सांगावे लागत नाही.

कसरतींच्या स्पर्धेतही पहिली गोष्ट ही सीमाच. वैमानिकाला सगळे आकाश मोकळे नसते. एक हजार मीटर लांब, एक हजार मीटर रुंद, आणि साधारण तितकीच उंच अशी एक अदृश्य पेटी आखलेली असते. जमिनीवर तिच्या कोपऱ्यांच्या आणि मध्याच्या खुणा पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलेल्या असतात. एक किलोमीटर म्हणजे आपल्याला चालत बारा-पंधरा मिनिटांची वाट. विमानाला ती अवघी पंधरा-वीस सेकंदांची. एवढ्या जागेत सगळ्या आकृत्या एकापुढे एक बसवायच्या. बाहेर गेलात की गुण कापले.

या पेटीला तळही असतो आणि तो फार महत्त्वाचा. सर्वांत वरच्या श्रेणीतील निष्णात वैमानिकांना जमिनीपासून शंभर मीटरपर्यंत खाली येण्याची मुभा असते. आपला राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्याहून थोडेच वर. नवशिक्यांसाठी मात्र अमेरिकेत हा तळ दीड हजार फुटांवर, म्हणजे साडेचारशे मीटरवर धरलेला आहे. एकावर एक पाच राजाबाई टॉवर ठेवले तरी वर थोडी जागा उरेल! चूक झाली तर सावरायला हवी तेवढी हवा खाली राहावी, हा त्यातला हेतू. जितकी विद्या कमी तितका तळ वर.

रेघांची भाषा

आकाशातल्या आकृत्या कागदावर लिहायच्या कशा? गायकाला स्वरलिपी असते, तशी वैमानिकालाही एक लिपी आहे. स्पेनच्या होसे लुईस आरेस्ती या वैमानिकाने ती सिद्ध केली आणि १९६० नंतरच्या दशकात ती जगभर रूढ झाली. लहान काळ्या ठिपक्याने आकृती सुरू होते, लहानशा आडव्या छेदाने संपते. सलग रेघ म्हणजे विमान सुलटे, तुटक रेघ म्हणजे उलटे. रेघेवर बाण असला तर विमान स्वतःच्या आसाभोवती लोळते; त्रिकोण असला तर झटक्याची लोळण किंवा गिरकी. एकदा ही लिपी समजली की, मराठी, जपानी, रशियन कोणीही तोच कागद वाचून तोच कार्यक्रम उडवू शकतो.

हा कागद वैमानिक आपल्यासमोर फळीवर चिकटवतो. पण उडण्यापूर्वी तो आणखी एक गंमत करतो. विमानतळाच्या मोकळ्या जागेत डोळे अर्धवट मिटून, तळहाताचे विमान करून, तो सारा कार्यक्रम पायी चालून काढतो. हात वर, मान मागे, एक गिरकी, तीन पावले पुढे, पुन्हा वळण. भरल्या कार्यालयात आचारी मनाशी पानांचा हिशेब करीत फेऱ्या मारतो, तशी पाच-सात प्रौढ माणसे एकमेकांकडे न पाहता फेऱ्या मारीत असतात. पाहुण्याला हसू येते. पण आकृत्यांचा क्रम अंगात मुरवण्याचा हाच मार्ग. वर गेल्यावर आठवायला वेळ नसतो.

अमेरिकेत या खेळाच्या पाच इयत्ता आहेत. पहिलीत पाच-सहाच सोप्या आकृत्या: पंचेचाळीस अंशांची चढण, एक गिरकी, एक वर्तुळ, एक लोळण, एखादे वळण. पाचवीत जगातील अव्वल मंडळी. वरच्या इयत्तांना तीन प्रकारचे पेपर असतात. एक आधीपासून जाहीर झालेला, एक स्वतः रचलेला, आणि तिसरा ‘अज्ञात’. हा अज्ञात कार्यक्रम स्पर्धेच्या ठिकाणीच हाती मिळतो आणि त्याचा हवेत सराव करायला सक्त मनाई असते. कागद पाहायचा, पायी चालायचे, आणि पहिल्याच वेळी पंचांसमोर उडवायचे. परीक्षेत न पाहिलेला उतारा येतो ना, तसेच.

पंचांच्या शेजारी

गेल्या उन्हाळ्यात मी चिरंजीवांकडे टेक्सासला गेलो असताना भाचीची स्पर्धा आली. ताईने बजावून सांगितले होते, “तू जाऊन बघ. आणि खरं काय ते सांग.” स्पर्धा एका लहानशा गावच्या विमानतळावर होती. नवख्या पाहुण्याला तिथे नुसते बसू देत नाहीत, कामाला लावतात. हा खेळ समजून घेण्याचा तोच सर्वांत चांगला मार्ग आहे, हे मला नंतर कळले. प्रत्येक पंचाजवळ दोन माणसे असतात. एक पुढच्या आकृतीचे नाव वाचतो, म्हणजे पंचाला आकाशावरून नजर हलवावी लागत नाही. दुसरा पंच म्हणेल ते गुण लिहितो. मला लेखनिकाची खुर्ची मिळाली. पस्तीस वर्षे गुण दिलेल्या माणसाला अखेर गुण टिपण्याची नोकरी लागली!

गुण देण्याची रीत ऐकून माझ्यातला मास्तर खूश झाला. प्रत्येक आकृती दहा गुणांनी सुरू होते. मग पाच अंश चुकले की अर्धा गुण कमी. पंचेचाळीसची चढण पन्नास झाली, गेला अर्धा. उलटे झालेले विमान पंख सपाट न ठेवता दहा अंश कलले, गेला एक. जी आकृती काढायची ती न काढता भलतीच काढली, तर शून्य. शिवाजी पार्कला मल्लखांबाची स्पर्धा ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नवे वाटायचे नाही. तिथेही खांबावर चढून उलटे होणे हे गृहीतच धरलेले असते. पायाचा अंगठा ताणलेला आहे का, हे पंच बघतात.

शिवाय प्रत्येक आकृतीला तिच्या कठीणपणाप्रमाणे एक गुणक असतो. समजा, गुणक दहा आणि पंचाने दिले साडेआठ, तर खात्यावर पंच्याऐंशी जमा. आणखी एक खुबी वाऱ्याची. वर्तुळ काढताना वारा विमानाला ढकलतो आणि वर्तुळाचे अंडे होते. सबब देता येत नाही; वारा असो वा नसो, खालून वर्तुळ गोलच दिसले पाहिजे. म्हणून माथ्यावर पोचल्यावर वैमानिक जरा सैल सोडतो, नाही तर वर्तुळाला वरच्या बाजूला चिमटा बसतो. उभ्या चढणीला मात्र वेगळा न्याय: तिथे विमान वाऱ्याने किती सरकले हे पाहत नाहीत, ते ओळंब्यासारखे उभे होते ना, हे पाहतात.

पहिल्या दिवशी तासाभरातच माझे डोळे तयार झाले. सकाळी ‘वा!’ म्हणून तोंडातून निघालेल्या आकृतीला पंच साडेसहा देत आणि मला आश्चर्य वाटे. दुपारी मीच मनाशी सात म्हणू लागलो.

शरीराची परीक्षा

उडण्यापूर्वी वैमानिक खिसे रिकामे करतो. नाणी, पेन, किल्ल्या, सगळे बाहेर. विमान उलटे झाल्यावर एखादे नाणे सुटून दांड्याच्या सांध्यात अडकले, तर जिवाशी गाठ. मग हवाई छत्री पाठीवर, पाच बाजूंनी पट्टे, आणि ते इतके घट्ट की माणूस खुर्चीचाच भाग व्हावा.

वर्तुळाच्या तळाशी शरीराचे वजन तीन-चार पट होते. साठ किलोचा माणूस क्षणभर दोनशे चाळीस किलोंचा होतो. रक्त पायांकडे धावते, डोळ्यांसमोर करडा पडदा येतो. म्हणून पोट आणि मांड्या आवळून रक्त वर धरून ठेवायला शिकवतात. उलट्या कसरतीत रक्त डोक्यात चढते. ते अधिक त्रासाचे. वरच्या श्रेणीची विमाने दहा पट भार सोसण्याजोगी बांधलेली असतात; भाची शिकते त्या दोन आसनी विमानाची मर्यादा सहा पटींची आहे. पहिल्या काही धड्यांत पोट ढवळते. त्यात लाज नाही. चांगला शिक्षक दोन-तीन आकृत्या झाल्या की परत फिरतो.

आणि धोका? तो नाही, असे मी ताईला सांगितले नाही. या खेळात उत्तमोत्तम वैमानिक गेले आहेत. पण एक गोष्ट मी तिला सांगितली, ती इथेही सांगतो. १९७० साली इंग्लंडात हलाव्हिंग्टन येथे विश्वस्पर्धा होती. तिच्या सरावात ३ जून रोजी ब्रिटिश वैमानिक नील विल्यम्स याच्या विमानाच्या डाव्या पंखाचा खालचा सांधा तुटला आणि पंख वर दुमडू लागला. छत्रीने उडी घ्यायला उंची नव्हती. त्याने काय करावे? विमान उलटे केले. उलट्या विमानात पंखावरचा भार उलट दिशेने येतो. त्याने पंख खटकन जागेवर बसला. मग तो उलटाच उडत विमानतळावर आला आणि जमीन अगदी हाताशी आल्यावर शेवटच्या क्षणी सुलटा होऊन पोटावर उतरला. विमानाचे तुकडे झाले, तो मात्र चालत बाहेर आला. उलटे उडणे हे ज्याला घरच्यासारखे होते, त्यालाच ते सुचले.

त्याच वर्षी त्याच ठिकाणी महिलांचे विश्वविजेतेपद मिळवले ते एकवीस वर्षांच्या स्वेतलाना सावित्स्काया हिने. ही मुलगी पुढे अंतराळवीर झाली आणि १९८४ मध्ये यानाबाहेर अंतराळात वावरणारी जगातली पहिली स्त्री ठरली. १९९१ साली अमेरिकेत पॅटी वॅगस्टाफ या महिलेने पुरुष आणि स्त्रिया मिळून असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिला क्रमांक घेतला, आणि पुढची दोन वर्षेही तो सोडला नाही. पंचांना खालून रेघ दिसते. ती काढणारा पुरुष की स्त्री, हे दिसत नाही.

कापलेले गुण

भाचीची पाळी दुसऱ्या दिवशी आली. नात्यातल्या माणसाने तिचे गुण लिहिणे बरे नव्हे म्हणून मी खुर्ची सोडून मागे उभा राहिलो. तिने पंख तीन वेळा हलवले. ही ‘मी सुरू करते आहे’ अशी खूण. पहिल्या दोन आकृत्या बऱ्या झाल्या. तिसरी संपता संपता मात्र ती बेताहून बरीच खाली आली होती, आणि चौथी होती गिरकी. तळ अजून तिच्याखाली होता. घेतली असती तर कदाचित निभावलेही असते. माझ्या शेजारचा गृहस्थ पुटपुटला, “घेते की काय!” तेवढ्यात तिचे पंख पुन्हा तीन वेळा हलले. मध्येच थांबत असल्याची ती खूण. ती वर चढली, वळून आली, पुन्हा पंख हलवले, आणि तिथून पुढचा कार्यक्रम पूर्ण केला. अशा थांबण्याचे गुण कापतात. सात जणांत ती पाचवी आली.

रात्री मी गुणपत्रकाचे छायाचित्र ताईला पाठवले आणि फोन केला. तिने एकेक आकडा विचारला. मग म्हणाली, “हे इथे कापलेत ते कशाबद्दल?”

“मध्येच थांबून तिने पुन्हा उंची घेतली, त्याबद्दल.”

“थांब म्हणून कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. विमानात ती एकटीच होती.”

बराच वेळ पलीकडून शब्द नाही. मग ताई म्हणाली, “बरं. शिकू दे. पण गुण कापले गेले म्हणून पुढच्या वेळी थांबायची राहील, असं होता कामा नये. तेवढं मात्र तिला सांग.”

हे वाक्य मी भाचीला शब्दशः सांगितले. तिच्या शिक्षकांनीही तिला तेच सांगितले होते म्हणे; फक्त इंग्रजीत.

आपल्या आकाशात

आता आपल्याकडचे पाहू. मुंबईचे आकाश या विद्येला परके नाही. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा; बाँबे फ्लाइंग क्लबही त्याच साली निघाला. जे. आर. डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत मिळालेल्या वैमानिक परवान्यावर क्रमांक १ होता. सीमाभागातल्या बीदर येथे १९९६ साली हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ पथक उभे राहिले. २०२४ च्या जानेवारीत मरीन ड्राइव्हवर त्यांच्या कसरती पाहायला गिरगावापासून शीवपर्यंतची मुंबई लोटली होती. नऊ विमाने एकमेकांना खेटून वळताना पाहून कोणाचाही ऊर भरून येईल. पण ते प्रदर्शन. तिथे नऊ जणांनी एक होऊन दिसायचे असते. स्पर्धेत वैमानिक एकटा असतो आणि त्याची प्रत्येक रेघ तपासली जाते. दोन्हींची जात वेगळी, शिस्त एक.

२०२२ च्या जून महिन्यात केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात अकरा खेळ धरले आहेत आणि हवाई कसरती हा त्यांतला एक आहे. म्हणजे पुढेमागे आपल्या मुलामुलींनी घरी हा विषय काढला, तर तो परग्रहावरचा वाटायचे कारण नाही. अशा घरांसाठी दोन शब्द. आधी वैमानिकाचा साधा परवाना, मग कसरती. शिकायचे ते कसरतींसाठीच बांधलेल्या विमानात आणि त्या विद्येच्या शिक्षकाबरोबर. साध्या शिकाऊ विमानात एकट्याने प्रयोग करून पाहणे म्हणजे आत्मघात. पहिला धडा गिरकीतून बाहेर येण्याचा असावा. शाळेच्या वयात हौस असेल, तर दूरनियंत्रणाच्या लहान विमानांनी आरंभ करता येतो. त्यांच्याही कसरतींच्या जागतिक स्पर्धा होतात आणि तिथेही वर्तुळ गोलच लागते.

आणि ज्यांना फक्त पाहायचे आहे त्यांनी एवढे करावे. पुन्हा कधी मरीन ड्राइव्हवर किंवा दूरदर्शन संचावर कसरती दिसल्या, तर धुराच्या रेघेकडे पाहावे, आवाजाकडे लक्ष देऊ नये. चढण उभी आहे का? वर्तुळाच्या माथ्याला चिमटा बसला का? उलटे झालेले विमान सपाट आहे, की एका कुशीवर कलले आहे? जिथे आकृती सुरू झाली त्याच उंचीवर ती संपली का? मुलांच्या हातात एक कागद द्या आणि दहापैकी गुण टिपायला सांगा. पहिल्या पाच आकृत्यांना ती सरसकट दहा देतील. सहाव्या आकृतीला कोणीतरी म्हणेल, “बाबा, याचे वर्तुळ अंड्यासारखे झाले.” तिथून पुढे त्याला हा खेळ दिसू लागला असे समजावे.